बिंदूंच्या ढगातून जमिनीचा शोध

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देशाचा नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राज्यांच्या सीमा, नद्या आणि शहरे येतात. विकासकामांच्या दृष्टीने मात्र नकाशातील सर्वांत मोलाची माहिती बहुधा उंचीची असते. कालव्याला उतार किती द्यावा, पुराचे पाणी कोणत्या वस्तीत शिरेल, रेल्वेमार्गासाठी भराव कुठे आणि खोदाई कुठे, पाझर तलावाची जागा कोणती, या सर्व प्रश्नांची उत्तरे जमिनीच्या उंचीवर अवलंबून असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. पुढे पातळी मोजण्याचे काम सुरू झाले, तेव्हा सर्वेक्षकाचा मदतनीस मोजपट्टीचा दंड हातात घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर उभा राहत असे. दंड जमिनीवरच टेकलेला असल्यामुळे ‘जमीन कोणती?’ हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

आज हा प्रश्न उद्भवला आहे, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनवरून लेसर किरणांचे अतिसूक्ष्म स्पंद खाली सोडायचे, ते एखाद्या वस्तूवर आदळून परत येण्यास किती वेळ लागला हे मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, या तंत्राला ‘लायडार’ म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. एक हजार मीटर उंचीवरून सोडलेला स्पंद जमिनीवर जाऊन परत येण्यास सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजताना एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात १५ सेंटिमीटरची चूक होते. विमानाचे स्थान उपग्रहीय प्रणालीवरून आणि त्याचा झुकाव जडत्व-मापकावरून समजतो. हे सर्व एकत्र केले की प्रत्येक परावर्तनाला तीन सहनिर्देशक मिळतात. अशा कोट्यवधी बिंदूंचा जो समूह तयार होतो त्याला बिंदुमेघ म्हणतात. हा शब्द मला समर्पक वाटतो. कारण हा समूह पडद्यावर प्रथम पाहिला की खरोखरच ढगासारखा दिसतो आणि त्यात जमीन कुठे आहे हे चटकन सांगता येत नाही.

लायडारचा मोठा गुण असा की, एकाच स्पंदातून अनेक परावर्तने मिळू शकतात. किरण खाली जाताना पसरतो. त्याचा प्रसार अर्धा मिलिरेडियन धरला, तर एक हजार मीटर खाली त्याचा ठिपका अर्ध्या मीटर व्यासाचा होतो. झाडावर पडलेल्या ठिपक्याचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही फांद्यांवरून, आणि पानांच्या फटींतून जे थोडेसे खाली पोचते ते जमिनीवरून. छायाचित्रांवरून काढलेल्या उंचीत ही सोय नाही. छायाचित्रात जे दिसत नाही त्याची उंचीही मिळत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची मोजणी प्रामुख्याने ड्रोनच्या छायाचित्रांवरून झाली. तेथे घरांच्या हद्दी हव्या असल्याने ते योग्यच होते. परंतु दाट जंगलाखालचा नाला शोधायचा असेल तर छायाचित्रे अपुरी पडतात. २०१२ मध्ये कंबोडियातील अंगकोर परिसरात लायडार सर्वेक्षण झाले आणि कुलेन पर्वतावरील जंगलाखाली दडलेल्या महेंद्रपर्वत या प्राचीन नगराची आखणी स्पष्ट झाली. त्यात यश मिळाले ते झाडांचे बिंदू दूर सारून केवळ जमिनीचे बिंदू वेगळे काढता आले म्हणून.

हे वेगळे काढणे हाताने शक्य नाही. दर चौरस मीटरला दहा बिंदू धरले तर एका चौरस किलोमीटरमध्ये एक कोटी बिंदू होतात. दहा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात दहा हजार कोटी. म्हणून हे काम संगणकाकडे सोपवावे लागते. बिंदुमेघ साठविण्याच्या ‘लास’ या प्रचलित स्वरूपात प्रत्येक बिंदूला एक वर्ग-क्रमांक देण्याची सोय आहे. त्यात २ म्हणजे जमीन, ३ ते ५ म्हणजे वेगवेगळ्या उंचीच्या वनस्पती, ६ म्हणजे इमारत आणि ९ म्हणजे पाणी. साऱ्या प्रक्रियेचे सार इतकेच, की कोणत्या बिंदूला २ हा क्रमांक द्यायचा.

मशीन लर्निंगचा वापर सुरू होण्यापूर्वी हे काम नियमांनी होत असे. आजही पुष्कळसे तसेच होते. त्यातील एका पद्धतीत ठरावीक आकाराची चौकट बिंदुमेघावरून फिरवितात आणि चौकटीतील सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा जे बिंदू फार उंच असतील ते वगळतात. चौकट लहान असेल तर मोठ्या कारखान्याचे छप्पर पूर्णपणे तिच्या आत बसत नाही आणि छप्परच जमीन ठरते. चौकट मोठी केली तर टेकडीचा माथा कापला जातो. स्वीडनचे पीटर अॅक्सेलसन यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत खात्रीच्या काही खालच्या बिंदूंवर त्रिकोणांचे विरळ जाळे विणतात आणि त्या जाळ्याला लागून असणारे बिंदू एकेक करून सामील करून घेतात. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी सुचविलेली कल्पना तर घरगुती वाटावी अशी आहे. संपूर्ण बिंदुमेघ उलटा करायचा आणि त्यावर एक काल्पनिक कापड सोडायचे. ओले फडके उलट्या टोपलीवर टाकावे तसे ते कापड बसते. जमिनीचे बिंदू त्याला चिकटतात. झाडे व घरे उलटल्यामुळे खड्ड्यांसारखी होतात, आणि कापडाला पुरेसा ताठपणा दिलेला असल्याने ते त्या खड्ड्यांत उतरत नाही.

या सर्व पद्धतींची एक मर्यादा समान आहे. कापडाचा ताठपणा किती, चौकट केवढी, उताराची कमाल मर्यादा कोणती, हे माणसाने ठरवायचे असते. आणि मैदानात चालणारी संख्या डोंगरात चालत नाही. आंतरराष्ट्रीय छायाचित्रमापन व दूरसंवेदन संस्थेच्या वतीने जॉर्ज सिथोले आणि जॉर्ज व्होसेलमन यांनी अशा अनेक पद्धतींची तुलना केली. ती २००३-०४ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य उतार, लहान इमारती आणि विरळ झाडी असलेल्या प्रदेशात बहुतेक पद्धती चांगल्या चालतात. गुंतागुंतीची शहरे आणि झाडीने झाकलेले तीव्र उतार येथे त्या अडखळतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. सह्याद्री, ईशान्य भारत किंवा हिमालयाचा पायथा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आपल्या देशापुरता या निष्कर्षाचा अर्थ ध्यानात येईल.

आता मशीन लर्निंगकडे येऊ. नियम माणसाने लिहून देण्याऐवजी, ज्यांचे वर्ग आधीच ठाऊक आहेत असे लक्षावधी बिंदू संगणकाला दाखवायचे आणि नियम त्यालाच शोधू द्यायचे, ही यातील मूळ कल्पना. सुरुवातीच्या प्रणालींत प्रत्येक बिंदूची काही लक्षणे काढून दिली जात. आसपासच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा तो किती उंच आहे? शेजारचे बिंदू एका सपाट पृष्ठावर बसतात की विखुरलेले आहेत? ते पृष्ठ आडवे आहे की उभे? हे परावर्तन पहिले होते की शेवटचे? परत आलेला प्रकाश किती तीव्र होता? लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये प्रचलित केलेल्या ‘रँडम फॉरेस्ट’ पद्धतीत अशा लक्षणांवरून निर्णय घेणारे शेकडो वृक्ष तयार होतात. हे वृक्ष म्हणजे ‘होय-नाही’ प्रश्नांच्या साखळ्या. प्रत्येक वृक्ष आपले मत देतो आणि बहुमताने वर्ग ठरतो.

पुढची पायरी खोल चेतातंतूंच्या जाळ्यांची. यात लक्षणेही संगणकच शोधतो. २०१६ मध्ये शियांग्युन हू आणि यी युआन यांनी प्रत्येक बिंदूच्या परिसराचे रूपांतर एका छोट्या चित्रात केले आणि चित्रे ओळखणाऱ्या जाळ्याकडून ‘जमीन’ की ‘जमीन नव्हे’ असा निर्णय घेतला. प्रशिक्षणासाठी त्यांनी १ कोटी ७० लाख वर्गीकृत बिंदू वापरले. परंतु बिंदूंचे चित्र केले की काही माहिती हरवते. शिवाय बिंदुमेघाला क्रम नसतो. पहिला बिंदू कोणता आणि शेवटचा कोणता याला काहीच अर्थ नाही, आणि चेतातंतूंच्या जाळ्याला तर आकडे क्रमानेच द्यावे लागतात. ही अडचण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या ‘पॉइंटनेट’ने सोडविली. प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे समान गणिती प्रक्रिया करायची आणि सर्वांच्या उत्तरांतून प्रत्येक लक्षणाचे केवळ कमाल मूल्य घ्यायचे. कमाल मूल्य क्रमावर अवलंबून नसते! उपाय सांगितल्यावर सोपा वाटतो, पण यानंतरचे बरेचसे संशोधन त्याच्या पायावर उभे राहिले. २०१९ मधील ‘केपीकॉन्व्ह’ आणि मोठे बिंदुमेघ वेगाने हाताळणारी २०२० मधील ‘रँडला-नेट’ ही त्यातील पुढची नावे. परीक्षेसाठी नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. अडचण काय होती ते मात्र लक्षात ठेवावे.

या तंत्राविषयी उत्साहाने बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याच्या मूल्यमापनाकडे मी आपले अधिक लक्ष वेधू इच्छितो. समजा, दाट जंगलातील शंभर बिंदूंपैकी केवळ पाच जमिनीचे आहेत. एखाद्या प्रणालीने शंभरही बिंदू ‘जमीन नव्हे’ असे सांगितले, तर ती ९५ टक्के अचूक ठरते आणि तरीही पूर्णपणे निरुपयोगी असते. म्हणून या क्षेत्रात चुकांचे दोन प्रकार वेगळे मोजतात. जमिनीचा बिंदू वगळला गेला तर ती पहिल्या प्रकारची चूक. झाडाचा किंवा घराचा बिंदू जमीन म्हणून स्वीकारला गेला तर ती दुसऱ्या प्रकारची. एकूण अचूकतेचा आकडा या दोहोंवर पांघरूण घालतो.

या दोन चुकांचे परिणाम किती भिन्न असतात हे पाहण्यासाठी केरळमधील कुट्टनाडचे उदाहरण घेऊ. येथील भातशेतीचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. काही ठिकाणी तो दोन मीटरपर्यंत खोल आहे. चहूबाजूंच्या पाण्याला थोपवून धरतात ते मातीचे अरुंद बांध. त्यांवर नारळाची झाडे असतात, काही ठिकाणी वस्तीही असते. आता बिंदुमेघातून जमीन शोधणाऱ्या प्रणालीला भोवतालच्या सपाट शेतातून एकदम वर आलेला हा अरुंद उंचवटा ‘जमीन नव्हे’ असा वाटला, तर नकाशातून बांध नाहीसा होतो आणि पुराच्या गणितात ते सारे शेत बारमाही पाण्याखाली दिसते. उलट नारळाच्या झावळ्यांचे बिंदू जमीन ठरले, तर बांध आठ-दहा मीटर उंच दिसतो आणि गणित सांगते की येथे पाणी कधीच शिरणार नाही. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाडने काय सोसले हे आपण जाणता. पहिल्या चुकीमुळे अकारण भीती निर्माण होईल. दुसरीमुळे लोक गाफील राहतील. आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीने दुसरी अधिक घातक आहे, असे माझे मत आहे. गोव्यातील खाजन शेतीचे बांध आणि कोकणातील खारबांध यांनाही हेच लागू पडते. तेथे बांधाला बिलगून खारफुटी असल्याने काम आणखी अवघड होते.

यावरून ‘जमीन’ या शब्दाचीच व्याख्या किती निसरडी आहे हे लक्षात यावे. मातीचा बांध जमीन, रेल्वेचा भराव जमीन. उड्डाणपूल मात्र जमीन नव्हे. मग भराव संपून पूल सुरू होतो तेथे रेषा कोठे ओढायची? किल्ल्याचा कातळ जमीन आणि त्यावरचा बुरूज बांधकाम. पण दोन्ही एकाच काळ्या दगडाचे आणि एकाच सरळ रेषेत उभे असतील तर? रस्त्याचा भराव योग्य रीतीने जमीन म्हणून ओळखला गेला तरी त्याखालची मोरी लेसरला दिसत नाही, आणि नकाशावर पाणी भरावाला अडून राहते. प्रशिक्षणासाठी बिंदूंचे वर्ग ठरविणारा माणूस या प्रश्नांची जी उत्तरे देतो तीच यंत्र शिकते. दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरे दिली असतील तर यंत्रही गोंधळलेलेच राहते.

आणखी एक बाब अशी. या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी मुक्तपणे उपलब्ध असलेले बहुतेक वर्गीकृत बिंदुमेघ युरोप आणि उत्तर अमेरिकेतील आहेत. तेथील शहरांत उतरती छपरे आहेत, जंगलांत सूचिपर्णी वृक्ष आहेत. धारावीसारख्या वस्तीतील एकमेकांना चिकटलेली छपरे, आसामातील बांबूची बने, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे किंवा पुरुषभर उंचीचा ऊस त्या प्रणालींनी पाहिलेलाच नसतो. दाट उसात तर कित्येकदा एकही किरण मातीपर्यंत पोचत नाही आणि उसाच्या पानांचा सलग थर यंत्राला सपाट जमिनीसारखाच भासतो. भारतीय भूप्रदेशाचे वर्गीकृत नमुने तयार करणे हे खर्चिक आणि कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. चाचणीचे नमुनेही प्रशिक्षणाच्या नमुन्यांना लागून असलेल्या शेतातून घेऊन चालत नाही. ते वेगळ्या तालुक्यातून, शक्य तर वेगळ्या नदीखोऱ्यातून घ्यावेत. शेजारच्या शेतात मिळालेले यश हे पाठांतराचे यश असू शकते. परीक्षार्थींना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातील धोरणाकडे वळू. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरील अनेक निर्बंध शिथिल केले. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत संपूर्ण देशाचे उच्च अचूकतेचे उंची-प्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. मैदानी भागासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ व पर्वतीय भागासाठी १ ते ३ मीटर, हे त्यातील आकडे. २५ सेंटिमीटर म्हणजे बांधावरच्या गवताची उंची. गवत आणि माती यांतील फरक ओळखल्याशिवाय हे उद्दिष्ट गाठता येणार नाही, आणि गंगेच्या खालच्या खोऱ्यासारख्या अत्यल्प उताराच्या प्रदेशात एवढ्याच फरकाने पाण्याची दिशा बदलते.

प्रत्यक्ष कामांपैकी मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचे हवाई लायडार सर्वेक्षण बारा आठवड्यांत पूर्ण झाले. जुन्या पद्धतीने त्यास दहा ते बारा महिने लागले असते. वनक्षेत्रात पाणी आणि चारा वाढविण्यासाठी २६ राज्यांतील २,६१,८९७ हेक्टरचे लायडार सर्वेक्षण वापकॉस या सार्वजनिक उपक्रमाकडे सोपविण्यात आले. त्यातील महाराष्ट्र व गोव्यासह दहा राज्यांचे प्रकल्प अहवाल जून २०२१ मध्ये प्रसृत झाले. झाडांखालील ओघळ कोठून वाहतो हे समजले तरच दगडी बांध योग्य जागी पडतो. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी १५२ शहरांत सुरू झालेल्या ‘नक्शा’ या नागरी भूमापन कार्यक्रमातही छायाचित्रांच्या जोडीला लायडारचा समावेश आहे.

जेथे लायडार सर्वेक्षण नाही तेथेही हीच विचारसरणी वेगळ्या रूपाने उपयोगी पडली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने रडारने मोजलेली जगाची उंची वर्षानुवर्षे सर्वत्र वापरली गेली. ती कित्येक ठिकाणी झाडांच्या शेंड्यांची आणि घरांच्या छपरांची उंची होती. २०१९ मध्ये स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी चेतातंतूंच्या जाळ्याच्या साह्याने या चुका कमी केल्या, तेव्हा समुद्रपातळीच्या वाढीने धोक्यात येणाऱ्या जगातील लोकसंख्येचा अंदाज जवळजवळ तिप्पट झाला. समुद्र होता तेथेच होता. फक्त किनाऱ्यावरची जमीन जितकी उंच समजली जात होती तितकी नव्हती. २०२२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी ‘कोपर्निकस’ या युरोपीय प्रतिमानातून झाडे आणि इमारती वजा करण्यासाठी रँडम फॉरेस्ट वापरले.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा. उत्तम प्रणालीसुद्धा न पोचलेल्या किरणातून जमीन निर्माण करू शकत नाही. म्हणून पानझडी जंगलांत उड्डाण पानगळीनंतर, चैत्राची पालवी फुटण्यापूर्वी करणे इष्ट. सदाहरित वनांत ही सोय नाही. तेथे बिंदूंची घनता वाढवावी लागते आणि ड्रोन कमी उंचीवरून न्यावा लागतो. एवढे करूनही ज्या तुकड्यात भूबिंदू मिळालेच नाहीत, तेथील उंची आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने भरलेली असते. नकाशावर मात्र मोजलेली आणि अंदाजाने भरलेली जमीन एकाच रंगात छापली जाते. असे तुकडे वेगळ्या खुणेने दाखविणे आणि प्रत्येक भूप्रकारासाठी दोन्ही प्रकारच्या चुकांचे प्रमाण स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणे, या दोन गोष्टी सर्वेक्षणाच्या निविदांमध्येच बंधनकारक असाव्यात असे मला वाटते. पूररेषेच्या आत किंवा बाहेर घर असलेल्या नागरिकाला आपल्या दारातली उंची मोजलेली आहे की गृहीत धरलेली, हे विचारण्याचा अधिकार आहे. आणि उद्या प्रशासनात त्याच्यासमोर बसून उत्तर देणारे आपल्यापैकीच कोणी असतील.

आता आपले प्रश्न घेऊ.